रद्द झालेली जोडीफेरी

एसटी लोह्याच्या पुढं निघाली आणि वर्षाराणीच्या मोबाइलचं नेट संपलं. ऐन वेळेला, बघा! 'रणभूमी' या गोळीबाराच्या मोबाइल-खेळाची ऑल-स्टार स्पर्धा सुरू, त्यातली जोडीफेरी रंगात आलेली, आणि हिच्या स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय... तिनं हळूच मान तिरकी केली. शेजारच्या सीटवरचा पोरगा तेच बघत होता.

"मोबाइल जरा इकडं करा की."

"ताई, तुम्ही पण बघता हे?"

"ताई कुणाला म्हणून राहिलात? मिरचीला गोळी लागली का, ते सांगा आधी!"

तो हसला आणि एक इअरफोन काढून तिच्या हातावर ठेवला. वायर आखूड होती. दोघांनाही थोडं सरकावं लागलं.

मिरची आणि घोरपड ही खेळाडूंची टोपणनावं. मिरची तिची लाडकी, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारी. घोरपड त्याचा लाडका, शेवटपर्यंत गवतात पडून राहणारा. वर्षभर दोघं विरुद्ध संघांत, एकमेकांच्या जिवावर उठलेले. पण डिसेंबरातल्या त्या एका रविवारी चाहते मतं देऊन अशा दोन वैऱ्यांची जोडी लावायचे. सगळी गंमत त्यातच होती.

अहमदपूर येईस्तोवर गाडीतले हे दोघं भांडले. चाकूर येईस्तोवर नावं कळली. तो रामलिंग, लातूरच्या एका डाळमिलमध्ये कॉम्प्युटरवर बसणारा. ती नांदेडला औषधाच्या दुकानात कामाला.

"वर्षाराणी म्हणजे लई लांब नाव झालं. नुसतं राणी म्हणलं तर चालंल?"

"शेजारी बसून अर्धा दिस झाला न्हाई, लगेच राणी?"

पण चाललं. चांगलंच चाललं. दुसऱ्या वर्षी जोडीफेरीला तो नांदेडला आला, तिसऱ्या वर्षी ती मावशीचं निमित्त काढून लातूरला गेली. हॉटेलातल्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवायचा, एका प्लेटीत भजी, आणि दोन तास नुसता आरडाओरडा. त्या तिसऱ्या वर्षी मिरची-घोरपड अगदी थोडक्यात हरले. हळहळीत तिनं रामलिंगचं मनगट घट्ट धरलं होतं. सामना संपला तरी तिनं सोडलं नाही... त्यानंही काढून घेतलं नाही.

"पुढच्या वर्षी ही जोडी जिंकली ना," तो भज्यांकडं बघत म्हणाला, "की तुला एक गोष्ट सांगायचीय."

"आत्ता सांग की."

"न्हाई. जिंकल्यावर."

त्याचे कान लाल झाले होते. आता यात न कळण्यासारखं काय होतं? तिला सगळं कळलं, आणि त्या कळण्यावर तिनं अख्खं वर्ष काढलं. घरात स्थळं येत होती. आई उज्वलाबाई मागं लागली, की हिचं एकच उत्तर, "डिसेंबर होऊ दे."

"अगं, डिसेंबरात असं काय हाय?"

"हाय एक."

आणि दिवाळी झाली न झाली तोच आयोजकांनी जाहीर केलं, यंदा जोडीफेरी नाही. मतं नाहीत. दोन संघ ते स्वतःच पाडणार, आणि सामने चार गुरुवारी. चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता भडका उडाला. रोजच्यासारखंच खेळायचं, तर ऑल-स्टार कशाला म्हणता हो? रामलिंग तर पेटलाच. त्यानं ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. रोज फोन, आणि रोज तेच.

"राणी, नऊशे सह्या झाल्या!"

"छान. रविवारी येतोस का मग? तसंच... भजी खायला."

"सामनाच न्हाई तर येऊन काय करू? थांब तू, जोडीफेरी परत आणतोच. मग येतो."

तिच्या ओठांवर आलं होतं, अरे येड्या, मला सामना नको, तू पाहिजेस. पण ती म्हणाली, "बरं."

तरी डिसेंबरातल्या त्या रविवारी तिनं दुकानातून सुट्टी काढली. मोरपंखी ड्रेस घातला आणि नांदेडच्या स्टँडवर जाऊन बसली. काय सांगावं, येईलही! लातूरच्या तीन गाड्या आल्या. तिन्ही गाड्यांतून उतरणारा माणूस न् माणूस तिनं पाहिला. मग घरी येऊन आईला म्हणाली, "बोलव पाहुण्यांना."

धर्माबादचं स्थळ होतं. पोराचं नाव आनंदराज. पोरगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. त्यानं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" आणि उत्तर संपेस्तोवर ऐकून घेतलं. नाही म्हणायला तिच्याकडं कारणच उरलं नाही. जानेवारीत चार माणसांसमोर सुपारी फुटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला.

"राणी! जिंकलो आपण! जोडीफेरी परत आली! पुढच्या महिन्यात, रविवारीच, आणि मतं पण! मी येतो नांदेडला, सकाळच्या गाडीनंच..."

"रामलिंग."

"हाव, बोल ना."

"माझी सुपारी फुटली. परवाच."

पलीकडं मिलचा घरघराट तेवढा ऐकू येत राहिला. ती गोळ्यांच्या पाकिटांकडं बघत उभी राहिली. डोळे भरून आले होते, आणि समोर गिऱ्हाईक होतं.

"जोडी जिंकली असती तर..." तो कसाबसा म्हणाला, "तर सांगणार होतो तुला."

"आणि हरली असती तर?"

 

"तरी सांगणार होतो गं."

"मग सामना कशाला पाहिजे होता रे तुला?"

 खूप रागवावं असं तिला वाटलं, पण राग येईना. शेवटी तीच म्हणाली, "मत देईन मी. मिरची-घोरपडीलाच."

"हाव," तो म्हणाला. "मी पण."

फोन ठेवला. गिऱ्हाइकाला गोळ्या दिल्या, सुट्टे पैसे दिले. आणि मग तिच्या ध्यानात आलं. त्या रविवारी ती स्टँडवर बसली होती, तेव्हा लातूरहून येणाऱ्या गाड्या तिनं एकूण एक पाहिल्या होत्या. लातूरला जाणाऱ्याही तिथूनच सुटत होत्या. एकदा तर कंडक्टरनं अगदी तिच्यासमोर येऊन विचारलं होतं, "लातूर, लातूर... येताय का ताई?"

आणि तिनं मान हलवून नाही म्हटलं होतं.