दोघांत एकच दांडा

हेलिकॉप्टरच्या हँगरमधल्या वजनकाट्यावर मॅरिट चढली, तोच मागून आवाज आला, "बूट काढू नकोस, तेही उडणार आहेत!"

ती गर्रकन वळली. ओरेगनच्या पावसात भिजलेला एक तरुण हसत उभा होता. कॅलम, चिमुकल्या हेलिकॉप्टरवर शिकवणारा.

"दोघांचं वजन मर्यादेत बसायला हवं," तो म्हणाला. "तुझ्यापायी सकाळपासून डोनटकडे बघितलंसुद्धा नाही."

"मी अजून हो म्हटलेलं नाही!"

आतापर्यंत ती मोठ्या, ऐसपैस हेलिकॉप्टरवर शिकत होती. पण पायलटची पहिली नोकरी शिकवण्याची, आणि बहुतेक शाळांत असतं हे चिमुकलंच. त्यावर उड्डाणाचे तास नाहीत, तर नोकरी नाही. आज ठरवायचं होतं, मोठं की चिमुकलं.

"इंजिन बंद पडलं तर... याच्यात फार वेळ मिळत नाही ना?"

"एक श्वास."

"आणि माझा हात गोठला तर?"

"एकदा बसून बघ. मग खुशाल नाही म्हण."

आत बसल्यावर दिसलं, दोघांच्या मधोमध एकच दांडा होता, त्यावर आडवी मूठ. तिने आपली बाजू खाली ओढली की त्याची वर जायची. "भांडायला बरं आहे," ती पुटपुटली. डाव्या हाताला वेगळी तरफ होती; इंजिन गेलं की ती लगेच खाली दाबायची, म्हणजे पाती फिरत राहतात.

उंचावर गेल्यावर कॅलमने आधी सांगून, सरावासाठी इंजिनाचा जोर उतरवला. पाती मंदावल्याचा इशारा देणारा भोंगा किंचाळला. जमीन अंगावर धावून आली. तरफेवरचा मॅरिटचा डावा हात दगड झाला...

"खाली, मॅरिट!"

तिने डोळे मिटले नाहीत, एवढंच. हात मात्र खाली गेला. पाती फिरत राहिली, आणि ते चिमुकलं यंत्र अलगद तरंगू लागलं.

जमिनीवर उतरल्यावर तिने पट्टा सोडला.

"मग... मोठंच?" त्याने हळूच विचारलं.

"नाही, हेच. पण शिकवायला दुसरं कुणीतरी हवं."

त्याचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं?"

"शिकवणाऱ्याने विद्यार्थिनीबरोबर फिरायला जायचं नाही, असा नियम आहे ना इथे?" बोलून गेली खरी, पण भोंग्यापेक्षाही आता तिला जास्त भीती वाटत होती. "आणि मला... तुझ्याबरोबर डोनट खायचाय."

कॅलमने वर पाहिलं. एक श्वास गेला. मॅरिटने हात पुढे केला. या वेळी तो गोठला नाही, आणि कॅलमने तो घट्ट धरला.