सोमवारची खुर्ची

"या, तुमचाच नंबर," असं म्हणत तिने हातातलं कापड झटकलं.

पायरीच्या टोकाला बसलेल्या माणसाने आधी मागे पाहिलं, मग स्वतःकडे. "माझा?"

"मग काय माझा? बसा लवकर, पाऊस आत यायला लागलाय."

तो काहीतरी बोलायला गेला... आणि न बोलताच येऊन बसला. अस्ताव्यस्त वाढलेली दाढी, काळे डाग पडलेली पँट, गाठ मारून जोडलेल्या पट्ट्याची पिशवी. तिने त्याच्या मानेभोवती कापड गुंडाळलं, ओला हात केसांतून फिरवला, डोकं हलकेच पुढे झुकवलं. त्या माणसाने डोळे असे काही मिटून घेतले, की तिची कात्री क्षणभर हवेतच थांबली.

एका मोठ्या सलूनमध्ये ती केस कापायचं काम करी. सलून सोमवारी बंद. त्या दिवशी ती घडीची खुर्ची, बादली आणि कात्र्यांची पेटी घेऊन जुन्या बसस्टँडवर येई. तिथल्या बसेस कधीच बंद झाल्या होत्या, पण छप्पर शाबूत होतं, आणि ज्यांना दुसरं छप्पर नव्हतं ते सगळे त्याच्याखाली राहत. अशांना कुठलंही सलून आत घेत नाही. म्हणून ही खुर्ची त्यांची.

सुरुवातीला तिने मोठ्या उत्साहाने जुन्या साड्यांचं गाठोडं आणलं होतं. लोकांना हवे होते पायमोजे आणि नेलकटर! तेव्हापासून ती आधी विचारी, मगच आणी. बोलताना उभ्याने न बोलता पायरीवर टेकून बोलायचं, हेही तिला हळूहळू जमलं. फक्त एक प्रश्न तिने कायमचा कुलुपात टाकला होता. सलूनच्या सवयीने पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याला ती विचारून बसली होती, "कुठे राहता?"

"इथेच, ताई," तो हसून म्हणाला होता. "तुम्ही उभ्या आहात ना, तो आमचा दिवाणखाना."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. हा म्हातारा म्हणजे मास्तर, एकेकाळी शाळेत गणित शिकवणारा.

खरं म्हणजे तो प्रश्न कोणी तिला विचारला असता, तर तिचीही पंचाईतच झाली असती. ती राहायची भावाच्या हॉलमध्ये. वहिनी वाईट नव्हती, भाऊही नाही. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तिला तर अंथरूण पसरण्यासाठीच सगळ्यांचा टीव्ही संपायची वाट बघावी लागे. तिच्या मालकीची सगळी चीजवस्तू सोफ्याखालच्या एका ट्रंकेत मावत होती. भरल्या घरात ती एकटी होती, अगदी एकटी.

पुढच्या सोमवारी दाढीवाला पुन्हा हजर!

"अहो, आठवड्यात काय वाढणार?"

"कानामागे बघा की... असेल काहीतरी."

"कानामागे मळ आहे."

"मग तो काढा."

ती खुदकन हसली. त्यानंतर तो दर सोमवारी येऊ लागला आणि ती त्याच्या कानामागची हवा मोठ्या काळजीने कापू लागली. तिने दिलेले पायमोजे पुढच्या वेळी भलत्याच कुणाच्या पायात दिसत. किती मोठं मन, तिला वाटे. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. झाडून सगळे तिला ताई म्हणत. तो मात्र काहीच म्हणत नसे.

मंगळवारपासूनच ती सोमवारची वाट पाहू लागली. हे वेड्यासारखं आहे, हेही तिला कळत होतं.

अशाच एका सोमवारी त्याच्याशी बोलता बोलता वेळ कसा गेला, कळलंच नाही. अंधारून आलं, पावसाने झोडपायला सुरुवात केली, आणि मास्तरांची दाढी राहून गेली. दुसऱ्या दिवशी ते मुलीला भेटायला जाणार होते.

"असू द्या ताई, नंतर कधीतरी जाईन," मास्तर म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता.

दुसऱ्याच दिवशी सलूनच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत ती एकटी, दिवा गेलेला. फोन हातात घेतला, पण करणार कुणाला? भाऊ कामावर. वहिनीला सांगितलं तर ती म्हणेल, जिने नाहीत का! तिच्या मनात एकच माणूस आला, आणि त्याच्याकडे फोन असेल असंही तिला वाटत नव्हतं. तिला रडूच कोसळलं.

"मॅडम, घाबरू नका. दारापासून लांब उभ्या राहा."

दार कण्हत उघडलं. वरून उजेड आला, मदतीला एक हात आला, आणि हातामागे लिफ्ट कंपनीच्या शर्टातला... दाढीवाला.

"तुम्ही?" दोघं एकदमच म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी अंगाचा तिळपापड झाला. काळे डाग, म्हणजे ग्रीसचे!

"नोकरी आहे तुम्हाला."

"...आहे."

"मास्तरांची दाढी राहिली काल. तुमच्या कानामागच्या हवेपायी."

त्याच्या हाताकडे न बघता ती स्वतःच धडपडत वर चढली. ड्रेसला ग्रीस लागलं ते लागलंच.

तो आठवडा संपता संपेना. राग त्याच्यावर होता, त्याहून जास्त स्वतःवर. आता सोमवारी वाट कुणाची बघायची, या विचाराने रडू येई, आणि हॉलमध्ये त्यालाही जागा नव्हती.

तरी ती गेली. पायरीवर मास्तर बसले होते, दाढी केलेले, आणि गालभर कापसाचे बोळे!

"हे कुणी केलं?"

"तुमच्या दाढीवाल्याने. परवा आला, सगळं कबूल केलं आणि म्हणाला, मी करतो. हात असा थरथरत होता, मीच त्याला धीर देत होतो."

"मग... मुलीकडे?"

"जाऊन आलो ना! नात म्हणाली, आजोबा, मांजर पाळलंत का?"

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. छपराच्या कडेला, निम्मा पावसात, तो पाण्याची बादली घेऊन उभा होता.

"आत या. भिजताय."

तो आला, पण बसला नाही. "त्या दिवशी मी नुसता पावसासाठी टेकलो होतो. तुम्ही नंबर म्हणालात, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही डोक्यावर हात ठेवलात..." तो अडखळला. "आई गेल्यापासून कोणी ठेवला नव्हता. दिवसभर लोक भेटतात. 'झाली का चालू?' एवढंच विचारतात, तेही लिफ्टबद्दल."

"नंतर तरी सांगायचं होतंत."

"खुर्ची गेली असती."

"ती तुमची नव्हतीच."

"माहीत आहे. म्हणून आज उभा आहे."

तो दिवसभर उभाच राहिला. पाणी भरलं, केस झाडले, आरसा धरला. संध्याकाळी रांग संपली. ती खुर्ची मिटायला वाकली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "सगळे तुम्हाला ताई म्हणतात. मी एकदाही म्हटलं नाही... लक्षात आलं?"

"आलं," ती म्हणाली. कान तापले होते. मग तिने कुलूप काढलं. "कुठे राहता?"

"पुलापलीकडे, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. दिवसभर जमीन थरथरते. एकट्याला तेवढीच सोबत. आणि तुम्ही?"

हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. "भावाच्या हॉलमध्ये," ती म्हणाली, आणि खुर्ची मिटून उचलली.

त्याने तिच्या हातातली खुर्ची घेतली, पुन्हा उघडली, रुमालाने पुसली. "बसा. तुमचाच नंबर."

"तुमच्या हातात कात्री? मास्तरांचे गाल बघितलेत मी."

"कात्री नाही. नुसतं बसा... सकाळपासून उभ्या आहात."

ती बसली. छपरावर पाऊस वाजत होता. किती तरी वेळाने, भीत भीत, एक हात तिच्या केसांवर टेकला, आणि तिचे डोळे आपोआप मिटले.