दातेरी कडेचं पाकीट

बोटाला टाके घालून आणलं तरी धाकटे मास्तर पेंगतच होते. तेव्हा कुठे शिलाईच्या दुकानाच्या मालकांनी समोरच्या औषधदुकानातल्या बाईंना बोलावून घेतलं.

भर दुपारी, चालू कटिंग मशीनवर डुलकी लागून मास्तरांच्या बोटाचं अर्धं पेर गेलं होतं. मालकांनी गुन्हेगार शोधूनही ठेवला होता.

"चहात काहीतरी घातलंय हिनं," ते चहावाल्या मावशींकडे बोट दाखवत म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

"अहो, त्याच किटलीतला चहा तुम्हीही प्यायलात," मावशी रडकुंडीला आल्या. "तुम्ही तर जागे आहात!"

बाईंना हे पटलं. मालक जागेच होते, झोपली होती ती अक्कल.

"मास्तर, चहाशिवाय काय घेतलंत?"

"सर्दीच्या गोळ्या. डब्यातल्या दोन."

"कोणी दिल्या?"

"कोणी नाही. मावशींना काही बोलू नका. माझंच चुकलं."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. घरी उरलेल्या गोळ्या प्रत्येकानं त्यात टाकायच्या आणि दुखलंखुपलं की त्यातल्याच उचलायच्या, ही इथली रीत. बाईंनी कपाळाला हात लावला. एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात, आणि वर फुकट मिळाल्याचा आनंद!

त्यांनी डबा पालथा केला. बाकीची पाकिटं हातानं फाडलेली होती. एकच तुकडा निराळा होता. त्यातल्या दोन गोळ्या काढलेल्या, नाव कापून टाकलेलं, आणि कापलेली कड दातेरी.

"याच्यावरचं नाव कुठे गेलं?"

थोरले मास्तर कोपऱ्यात खाली मान घालून शिवणीचे काठ कातरत होते. दोघे सख्खे भाऊ. कटिंगचं टेबल बावीस वर्षं थोरल्यांचं होतं. नवं मशीन आलं तसं मालकांनी ते धाकट्यांना दिलं, आणि थोरल्यांच्या हाती काठ दातेरी कापणारी झिगझॅग कात्री आली.

"थोरले मास्तर, खाज कशी आहे?" बाईंनी सहज विचारलं.

"बरी आहे." हात मात्र मनगट खाजवतच होता.

"गोळ्या किती उरल्या?"

"संपल्या."

"परवा दहा नेल्यात. रात्री एकच घ्या, फार झोप येते, असं बजावलं होतं मी. दोन दिवसांत दहा खाल्ल्यात, तर इथे बसलेले कसे?"

थोरल्यांनी कात्री खाली ठेवली. खिशातून उरलेलं पाकीट काढून टेबलावर टाकलं. बाईंनी तो तुकडा त्याला लावून पाहिला. दातांत दात बसले.

"चहात काही नव्हतं," बाई मालकांना म्हणाल्या. "हे विषही नाही. खाजेवरचं औषध आहे, काही जण सर्दीवरही घेतात. रात्री एक घेतली तर गुण येतो. पण दिवसा, मशीनवर, आणि एकाऐवजी दोन? नाव दिसलं असतं तर मास्तरांनी मला येऊन विचारलं असतं, म्हणून नाव कापलं. हाताशी होती ती कात्री घेतली, आणि कात्रीनंच चुगली केली."

मालकांनी मावशींकडे बघायचं टाळलं.

"त्याचं बोट नको होतं मला," थोरले म्हणाले. "कापड बिघडावं, टेबल परत मिळावं, एवढंच. माझ्याच टेबलावर तो, आणि गिऱ्हाईक माझ्यादेखत म्हणतं, थोरल्यापेक्षा याचा हात साफ. मीच कात्री धरायला शिकवलं त्याला! अंगाची आग व्हायची हो."

बाईंना राग आला, आणि रागाबरोबर लाजही वाटली. धाकटी बहीण डॉक्टर झाली तेव्हा तिला अभिनंदनाचा फोन करायला त्यांना आठ दिवस लागले होते. ही आग त्यांच्या चांगली ओळखीची होती.

"पण ते दोनच घेतील, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

थोरल्यांनी भावाकडे पाहिलं. धाकटे आता टक्क जागे होते.

"त्यानं विचारलं होतं मला. 'दादा, या सर्दीच्याच ना? एक घेऊ की दोन?' मी म्हटलं, दोन."

"हे कशाला सांगितलंस, दादा," धाकटे म्हणाले, आणि त्यांनी पट्टी बांधलेला हात पाठीमागे नेला.