मिठाच्या पिठातले पंजे

बालवाडीच्या बाईंचे हात कोपरापर्यंत पिठात बुडालेले असताना तो दारात येऊन उभा राहिला. मदतीला येणारा पालक तो हाच, असं समजून ती म्हणाली, "बरं झालं आलात. बाह्या वर करा आणि लाटायला घ्या."

तो क्षणभर घुटमळला... मग निमूटपणे हातातली पाण्याची बाटली बाजूला ठेवून त्याने लाटणं उचललं.

मैदा, मीठ, पाणी मळून केलेल्या जाड चकत्यांवर मुलं आपापला पंजा उमटवत होती. वर भोक पाडायचं, वाळल्यावर रंगवायचं, रिबीन ओवायची — की झालं घरच्या खिडकीत टांगायचं लटकन. मूल मोठं झालं तरी त्याचा इवलासा हात घरात राहणार होता.

चिमणी मात्र मुठी आवळून बसली होती. "आधी काका."

"काका?" बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "तुम्ही मदतीला नाही आलात? मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे? हिची घरी राहिलेली बाटली द्यायला आलो होतो." त्याने हसून आपला पंजा पिठात दाबला. त्याच्या मधोमध चिमणीने लगेच आपला उमटवला. "आणि बाईंचा?" त्याने विचारलं.

"बाईंचा नसतो. मुलांचे घरी जातात. माझा कोण नेणार?"

ती सहज बोलून गेली, पण त्याचं लाटणं थांबलं. त्याने उरलेला गोळा लाटून तिच्यापुढे सरकवला. पोरं टकामका बघत होती... तिने हात उमटवला.

रंगवायच्या दिवशी तो पुन्हा आला. दुपारी दवाखाना बंद असतो, म्हणाला.

"कसला दवाखाना?"

"दातांचा."

तिचा हात नकळत गालावर गेला.

"कधीपासून दुखतंय?"

"छे, कुठे काय."

"मग चहा एकाच बाजूने का पिता?"

"तुम्ही माझ्या चहाकडे बघत होतात?"

"चहाकडे नाही..." तो म्हणाला आणि घाईघाईने ब्रश धुवायला गेला.

निघताना त्याने तिचं लटकन कागदात गुंडाळलं. "हे मी नेतो. चालेल?"

नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "जपून न्या. कडा ठिसूळ आहेत."

दाढेने शेवटी तिला जेरीला आणलं. दवाखान्याची पायरी चढताना ती दोनदा थांबली. चिमणीने तिचं बोट धरलं होतं. "काका दुखवत नाही, बाई. थोडंसंच दुखवतो." आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

त्याने खरंच हळुवार हाताने काम केलं. मग हातमोजे काढून, खिडकीकडे बघत तो म्हणाला, "तुम्हाला आता थोडा वेळ नीट बोलता यायचं नाही. म्हणून आत्ताच सांगून टाकतो... मला तुम्ही आवडता. आईला सांगून झालंय. चिमणीला नाही, नाहीतर गावभर होईल. घाई नाही. विचार करून सांगा."

तिला खूप काही बोलायचं होतं, पण अर्धा ओठ बधिर होता.

"विशार झाला," ती म्हणाली.

तो वळला. "काय झाला?"

"विशार... हो म्हणतेय मी."

स्वतःचेच बोबडे बोल ऐकून तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. त्याने रुमाल पुढे केला, तिने रुमालासकट त्याचा हात धरून ठेवला.

बाहेरून चिमणीचा काळजीचा आवाज आला. "काका, बाई रडतायत का?"

"नाही गं," बाईंनीच आतून उत्तर दिलं. "हशतेय."