लग्नाचं कासव

"हा धोंडा तुमचा का?"

नारळाच्या बागेतल्या अरुंद वाटेवर खोबऱ्याच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती. गाडीपुढे बैल, बैलापुढे वाटेतल्या डबक्यात बसलेली आमची झाबेल... आणि गाडीवर मांडी घालून बसलेला एक अनोळखी तरुण. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि तो चक्क हसत होता. मला आधी त्या हसण्याचाच राग आला.

"धोंडा कुणाला म्हणतोस? तिचं नाव झाबेल आहे. आणि ती उठेल तेव्हा उठेल."

"साधारण कधी उठते?"

"भूक लागली की."

"आणि भूक कधी लागते?"

"मला काय विचारतोस? तिलाच विचार की!"

त्यानं खरंच तिलाच विचारलं. गाडीतून उडी मारून तो चिखलात उकिडवा बसला आणि झाबेलच्या गळ्याखाली दोन बोटांनी हलकेच खाजवू लागला. झाबेलनं डोळे मिटले. मान लांब, आणखी लांब केली, चारी पाय ताठ केले आणि ते अवाढव्य कासव डबक्यातून उभं राहिलं. मग तो गळ्याखाली बोटं ठेवून मागे मागे सरकत गेला आणि ती लाडावल्यासारखी त्याच्यामागे वाट सोडून गवतात गेली.

मी बघतच राहिले. असं ती फक्त माझ्यासाठी करायची!

"हे तुला कुणी शिकवलं?"

त्याचं हसू क्षणभर विझलं. "आमच्या घरीही एक आहे... पलीकडच्या प्रालँ बेटावर," तो म्हणाला, आणि लगेच गाडीवर चढला. "मी फ्लाव्यँ. आणि तू झाबेलची कोण?"

"लिझियान. ती माझी कोण, ते विचार."

"ते दिसतंयच," तो म्हणाला. "लग्नाचा रस्सा!"

मी हातातली ओली झावळी त्याच्या पाठीवर फेकून मारली. पण तो खोटं बोलला नव्हता. आमच्याकडे मुलगी जन्मली की बाप कासवाचं पिल्लू आणतो. दोघी एका अंगणात वाढतात. मुलगी लग्नाची झाली की कासवही तयार होतं, आणि लग्नाच्या दिवशी सगळा गाव ते चाटूनपुसून खातो. लहानपणी मी झाबेलला टोपलीत घालून फिरवायचे, पुढे ती मला पाठीवर घेऊन फिरू लागली. तिला जोवर ठेवता येईल तोवर मला लग्नच नको होतं. चांगली चांगली स्थळं आली आणि मी कुणाच्या नाकात, कुणाच्या दातांत खोट काढून ती परत पाठवली. गावात माझं नाव नकटीच्या यादीत गेलं होतं.

त्यानंतर फ्लाव्यँची गाडी रोज आमच्या दारावरून जाऊ लागली. बागेतून धक्क्याकडे जायला दुसरी जवळची वाट होती, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं... आणि तो बिचारा बैल तर रोज त्या वाटेकडे वळू पाहायचा.

येताना तो झाबेलसाठी पडलेले आंबे आणायचा, जास्वंदीची फुलं आणायचा.

"सगळं तिलाच?" एकदा मी न राहवून विचारलं.

"तुला काय आवडतं ते कुठे सांगितलंस?"

"मला... गोष्टी आवडतात."

मग तो कुंपणाला टेकून प्रालँच्या गोष्टी सांगायचा. तिथल्या दरीत दोन नारळ चिकटल्यासारखे दिसणारे जोडनारळ लागतात. पूर्वी ते समुद्रावर तरंगत दूरदेशी जायचे, तर तिथल्या लोकांना वाटायचं की झाड समुद्राच्या तळाशी आहे, आणि राजे लोक एकेका नारळासाठी सोनं मोजायचे. त्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी.

"वादळ आलं की नर झाडं मुळं उपटून माद्यांकडे चालत जातात."

"तू पाहिलंस?"

"छे! जो पाहतो तो आंधळा होतो. मग मी इथे येऊन काय पाहणार होतो?"

असं म्हणून तो माझ्याकडे पाही. मी झाबेलकडे पाही. झाबेल आंब्याकडे पाही.

आमच्या पापांना मात्र फ्लाव्यँ फार आवडू लागला. "मुलगा गुणी आहे हो! बघ, कासवाला कसं खाऊ घालतोय. लग्नाला दुप्पट मटण निघेल." ते ऐकून मी ताट बाजूला सारलं. ज्याच्या येण्याकडे माझे कान लागलेले असायचे, त्याचंच येणं झाबेलला रोज कढईजवळ नेत होतं.

एका दुपारी पावसानं आम्हाला किनाऱ्यावरच्या ताकामाका झाडाखाली गाठलं. झाड मोठं होतं, पण कोरडी जागा थोडीशीच होती... खांद्याला खांदा लागला. तोच म्हणाला,

"लिझियान, रविवारी तुझ्या पापांना भेटायला येऊ का? स्वच्छ शर्ट घालून?"

हो, हो, हो, असं ओरडावंसं वाटलं. आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"नको येऊस. मला तू हवास, फ्लाव्यँ. फार हवास. पण मला झाबेलही हवी. पापा ऐकायचे नाहीत. साऱ्या गावाच्या लग्नांत त्यांनी ताव मारलाय. आपल्या दारात गावाला नुसते मासे वाढले तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तो समुद्राकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला एक बहीण होती. मारी-आंज. तिच्या जन्माला बाबांनी पिल्लू आणलं, त्यालाही तेच नाव ठेवलं. ती चार वर्षांची असताना तापानं गेली. कासव राहिलं. लग्नच होणार नाही, तर ते कापायचं कधी? ते वाढतच गेलं. रोज सकाळी आई त्याच्या गळ्याखाली खाजवते, ते उभं राहतं. आई म्हणते, 'उठली माझी बाय.'"

मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बागेतल्या बायका म्हणाल्या, "गेला की तो प्रालँला! काय ग, याच्याही नाकात खोट काढलीस वाटतं?" मी घरी येऊन झाबेलच्या पाठीवर डोकं ठेवून रडले. ती शांतपणे जास्वंद चावत होती.

रविवारी चर्च सुटलं आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. धक्क्याला शिडाची बोट लागली होती. फळ्या टाकून माणसं काहीतरी जड खाली उतरवत होती. भलंमोठं कासव! शेजारी स्वच्छ शर्टातला फ्लाव्यँ आणि काळ्या झग्यातली एक बारीकशी बाई, त्याची आई.

फ्लाव्यँ सगळ्या गावासमोर पापांपुढे उभा राहिला. "मी लिझियानला मागणी घालायला आलोय. लग्नाचं कासव आमच्याकडून. तुमचं अंगणातच राहू द्या."

मला सगळं कळलं. "फ्लाव्यँ, नको! आईंचं आहे ते!" मी ओरडले. पण पापा खूश झाले होते. मटणाशी मतलब! बाह्या सरसावून त्यांनी कासवाभोवती एक चक्कर मारली, शेपूट उचलून पाहिलं, पोटाखाली हात घातला आणि हसायला लागले.

"अहो बाई, हा तर नर आहे! नाव काय याचं?"

"मारी-आंज," त्याची आई म्हणाली.

लोक खो खो हसले. ती मात्र हसली नाही. "पिल्लू असताना काही कळत नाही ना, दादा. नंतर कळलं. पण नाव कसं बदलायचं? ते माझ्या मुलीचं नाव आहे."

हसणं जागच्या जागी थांबलं. आई पुढे झाली. "एकदाच उठवते. मग तुम्ही न्या." तिनं गळ्याखाली बोटं फिरवली. कासवानं डोळे मिटले, मान वर केली आणि धक्क्यावर, सगळ्या गावासमोर, ते उभं राहिलं.

"उठली माझी बाय," ती पुटपुटली.

पापांनी कमरेचा सुरा चाचपला. मग तो काढून त्यांनी शेजारच्या कोळ्याच्या हातात दिला. कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "ही या बेटावर पाहुणी आली आहे. पाहुण्यांना कापायची रीत आमच्याकडे नाही."

"मग आम्ही लग्नात खायचं काय, गास्ताँ?" मागून कुणीतरी ओरडलं.

"डुकरं खा, वटवाघळं खा! तुझ्या लग्नात मी दात तुटेपर्यंत चावलंय, म्हातारं होतं तुमचं कासव!"

धक्का हसण्यानं दणाणला. त्या गलबल्यात फ्लाव्यँ माझ्याजवळ आला. "तुझं उत्तर राहिलंय," तो म्हणाला.

"आईंचं कासव द्यायला निघालास... मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"आणि आता?"

"आता..." मी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, उगीचच. "आता हो. हो म्हणते ना. अजून किती वेळा म्हणू?"

लग्नात डुकरं झाली, वटवाघळांचा रस्सा झाला, ब्रेडफ्रूट नारळाच्या दुधात शिजलं. मांडवाची फुलं मारी-आंज आणि झाबेलनं मिळून फस्त केली. सासूबाई परत प्रालँला गेल्याच नाहीत. रोज सकाळी अंगणात त्यांची हाक ऐकू येते.

आमची मुलगी जन्मली त्या वर्षी झाबेलनं फणसाखाली माती उकरून अंडी घातली होती. बाळाला पाहायला पापा आले ते एक हात पाठीमागे लपवूनच. पाळण्यात डोकावले. मग तो हात पुढे आला. तळव्यावर इवलंसं, काळं कासव होतं.

"रीत म्हणजे रीत," पापा घसा खाकरून म्हणाले. "ही आणि हे, दोघांना सोबत वाढवा. पण नीट ऐका हं... हिच्या लग्नात पहिलं पान याच्यापुढे वाढायचं."