जांभळं झाकण

"मॅडम, पोटॅशियमनं माणूस मरतो का?" उदगीरहून इन्स्पेक्टर अमरनाथांनी नमस्कार-चमत्कारही न करता फोनवर विचारलं.

"मरतो. कोण मेलं?"

"रत्नम्मा. तुमच्याच लॅबचा रिपोर्ट हाय."

नाव ऐकताच डॉ. मंजुषांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मधुमेहींच्या रक्तातलं जस्त, मॅग्नेशियम आणि एन्झाइमं तपासायचा त्यांचा अभ्यास लातूरला चालू होता. रत्नम्मांचं रक्त त्यासाठीच आलेलं. पोटॅशियम भलतंच वाढलेलं दिसलं, म्हणून त्यांनीच घाईघाईनं उदगीरच्या दवाखान्यात कळवलं होतं.

जुलाबांनी गळून गेलेल्या म्हातारीला तिथं पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन दिलं, आणि तिचं हृदयच थांबलं. आता सून अंबिकाला संशयावरून ठाण्यात आणून बसवलं होतं. सासूच्या बीपीसाठी तिनं कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, आणि त्यात पोटॅशियम असतं. सुनेनं मुद्दाम चारलं, असं भावकीचं म्हणणं. भावकीला असं सुचायला वेळ लागत नाही.

मंजुषांनी रिपोर्ट पुन्हा काढला. जस्त जवळजवळ नाहीच. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही तसंच. या खनिजांच्या जिवावर चालणारं एन्झाइम तर पार थंड. मधुमेहात जस्त कमी होतं, पण इतकं? असं माणूस बोलत-चालत राहीलच कसं?

त्यांनी फ्रीज उघडला. रत्नम्मांच्या दोन ट्यूब होत्या. लाल झाकणाची काठोकाठ भरलेली, पण तिच्यातलं रक्त नीट गोठलेलं नव्हतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये तळाशी थोडंसंच. मंजुषांनी लाल ट्यूबमधल्या रक्तरसात जस्त आणि मॅग्नेशियम घालून तपासणी पुन्हा केली, आणि तडक उदगीर गाठलं.

ठाण्यात रत्नम्मांचा मुलगा मृत्युंजय मान खाली घालून बसला होता.

"रक्त कोणी घेतलं?" मंजुषांनी विचारलं.

"मीच. माझंच कलेक्शन सेंटर हाय."

"शीर सापडली?"

"लई बारीक होती. अव्वा रडाया लागली."

"मग लाल ट्यूब भरली कशी?"



मंजुषा इन्स्पेक्टरांकडं वळल्या. "जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून एक क्षार असतो. पोटॅशियमचा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, सगळ्यांना तो धरून बसतो. लाल ट्यूब अर्धीच भरली, म्हणून यांनी जांभळीतलं रक्त तिच्यात ओतलं. कागदावर पोटॅशियम फुगलं, खनिजं अडकली आणि एन्झाइम थंडावलं. आज मी खनिजं परत घातली, तर तेच एन्झाइम चालू लागलं. म्हातारीचं पोटॅशियम जुलाबांनी उलट उतरलेलं असणार. माझ्या फोनवर विश्वास ठेवून दवाखान्यानं ते आणखी उतरवलं, आणि ते फार उतरलं तरी हृदय थांबतं. मिठाचा काही संबंध नाही."

"तुला कधी कळलं रे?" अमरनाथांनी दरडावलं.

"रिपोर्ट पाहिला तवाच. शिकताना सांगितलं व्हतं, ओतायचं न्हाई म्हणून. पर तवर इन्सुलिन देऊन झालं व्हतं."

"आन् बायकोला धरून आणलं तवा?"

"काका म्हणले, मीठ तिनंच आणलं. मी कायबी बोललो न्हाई, साहेब." तो हुंदके देऊ लागला. मंजुषांना त्याची कीव आली आणि संतापही आला.

अंबिकाला आत बोलावलं. अमरनाथांनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आत्याबाई म्हणल्या, आता टोचू नगं रे," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यांनी रक्त ओतलं तवा लाल ट्यूब मीच धरली व्हती. सांडू नये म्हणून लई जपून धरली."



"तुमच्यावर काही न्हाई, बाई," अमरनाथ म्हणाले. "जावा घरी."

अंबिका बाकावरून उठली नाही.