अर्ध्या भाकरीची बेरीज

नाशिकच्या द्वारका चौकात काळीपिवळी जीप गच्च भरली होती, तरी ड्रायव्हर ओरडतच होता, "सायखेडा, सायखेडा... एकच शीट!" उज्वला कशीबशी टेकली, तोच एक उंच तरुण छातीशी कॉम्प्युटरचा भलामोठा मॉनिटर कवटाळून आत घुसला. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. त्याच्या केसांतलं पाणी थेट तिच्या ओढणीवर!

"अहो, जरा बघून—"

"सॉरी मॅडम! एवढा धरता?" त्यानं कीबोर्ड तिच्या मांडीवर ठेवलासुद्धा. "भिजवू नका हं त्याला."

"आणि मी भिजले त्याचं काय?"

"तुम्ही वाळाल... तो बिघडेल."

हसू लपवायला तिनं तोंड बाहेर वळवलं.

उतरली तीही दोघं एकाच, शाळेच्या फाटकाशी. उज्वला सायखेड्याच्या शाळेत सहावीला गणित शिकवायची. तो तरुण, लखन, नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मुलांना शिकवणारा एक प्रोग्रॅम त्यानं बनवला होता आणि तो नेमका तिच्याच वर्गावर करून बघणार होता. २००३ साल ते. गावात कॉम्प्युटर म्हणजे नवलच. मुलं खिडक्यांना लटकली.

पहिलाच प्रश्न वर्गातल्या तानूला आला. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? तानूनं दाबलं, दोन पंचमांश. पडद्यावर लाल अक्षरं उमटली... 'चूक'. पुन्हा 'चूक'. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरून आले.

"मला नाय शिकायचं याच्याकडं," म्हणत ती उठून गेली.

उज्वला संतापली. "नुसतं 'चूक' म्हणायला यंत्र कशाला हवं? पोरीनं वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. तिनं आपल्या परीनं विचार केला होता. तुमच्या यंत्रानं केला का?"

लखन हळूच म्हणाला, "नाही केला... तुम्ही शिकवाल?"

"कुणाला?"

"त्याला. आणि... मलाही."

मग दर शनिवारी शाळा सुटली की दोघं बसू लागली. कुठलं मूल कशामुळे चुकतं ते उज्वला सांगायची, लखन ते यंत्राला समजेल अशा नियमांत बसवायचा. अपूर्णांकांसाठी भाकरीचे तुकडे करायचं उदाहरण तिचंच. बाहेर रिपरिप चालायची. खुर्च्या नकळत जवळ सरकायच्या. एकदा घाईत तो बोलून गेला, "उज्वला, हे बघ ना!" आणि त्यानं जीभ चावली.

"मॅडम कुठे गेल्या?" तिनं पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"त्या... घरी गेल्या."

"बरं झालं."

त्याचे कान लाल झाले. त्या दिवशी त्याच्याकडून एकही नियम धड लिहून झाला नाही.

दिवाळीनंतर तानू कॉम्प्युटरपुढे परत आली आणि दोन तास जागची हलली नाही. "मॅडम, त्याला माझ्या मनातलं कळतंय! लय भारी!"

मग कॉलेजात परीक्षा आली. प्रोजेक्ट नापास झाला तर लखनचं वर्ष जाणार होतं आणि शाळेत ठेवलेला कॉलेजचा कॉम्प्युटरही परत. बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "यंत्र आणि शिक्षक? बघू तर!" त्यांनी तानूच्याच प्रश्नाला मुद्दाम भलतंच उत्तर टाकलं, एक षष्ठांश.

लखनबरोबर आलेली उज्वला खुर्चीतून पुढे झुकली. असं तर एकही मूल चुकलं नव्हतं! पडदा क्षणभर कोरा... आणि मग अक्षरं उमटली.

'बेरजेऐवजी गुणाकार केलास का? अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, मग ती कमी कशी झाली?'

परीक्षक आधी थक्क झाले, मग पोट धरून हसले. "पकडलं की हो मला!"

"हे तू शिकवलंस?" लखन पुटपुटला.

"नाही. तू?"

"मीही नाही. आपलेच नियम जोडून त्यानं... त्यानंच शोधलं!"

प्रोजेक्ट पहिला आला. कॉम्प्युटर शाळेला कायमचा मिळाला. टाळ्यांतून वाट काढत लखन उज्वलाला घेऊन कॉलेजच्या पायऱ्यांवर आला आणि तिथे मात्र त्याची बोबडी वळली.

"उज्वला, मला... म्हणजे तुझ्या घरी... म्हणजे आपण..."

"हो."

"अगं, मी अजून विचारलंच कुठे?"

"मग विचार ना! मोठ्यानं विचार."

त्यानं विचारलं. इतक्या मोठ्यानं, की वरच्या मजल्यावरची पोरं कठड्याशी धावली. आणि उज्वलानं मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा एकदा "हो" म्हटलं.